दोन वितींचा आरसा

झातोन्का गावात मोजायचा टेप एकाच घरात आहे, येफीम सुताराच्या. आणि तो कशासाठी आहे हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे मागायला कोणी जात नाही. तो टेप माणूस मेल्यावर निघतो. जिवंत माणसाची वस्तू, विशेषतः होडी, हातानं मोजायची: वीत, मूठ, बोटं. आणि हात ज्याची होडी त्याचा. येफीम होडी बांधायला घेतो तेव्हा मालकाला बोलावून फळीवर पंजा ताणायला लावतो आणि पेन्सिलीनं खूण करतो. आखूड बोटांच्या माणसाची होडी त्यामुळे थोडी आखूड होते. तक्रार कोणाची नसते, कारण आखूड बोटांच्या माणसाला ती पुरते असं धरलेलं आहे. डॅन्यूबच्या मुखाशी लिपोवानांची, म्हणजे जुन्या पंथाच्या रशियन लोकांची, दुसरीही गावं आहेत, तिथं असं काही करत नाहीत. त्या गावांतल्या होड्या यामुळे बुडालेल्या नाहीत, हे झातोन्कातले लोक मान्य करतात; फक्त त्यातून त्यांनी अजून काही निष्कर्ष काढलेला नाही.

उलितानं तो टेप जवळून पाहिला तो नवरा गेला तेव्हा. येफीमनं त्याचं एक टोक तिच्याच हातात दिलं, कारण घरात त्या घडीला दुसरं कोणी नव्हतं आणि सोडला की टेप सर्रकन आत जायचा. लाव्रेन्ती उंच माणूस. त्याच्या टाचेशी टोक धरून बसलेल्या उलिताच्या मनात तेव्हा एवढंच आलं, की याचे मोजे रफू करायचे राहिले.

त्यानंतर चाळिसाव्या दिवसाचं जेवण घालायचं होतं आणि पीठ बोटीवर अडकलं होतं. पाणी उतरलं की तुल्चा शहराहून येणारी बोट गावाच्या कालव्यात शिरत नाही. मोठ्या नदीवर, कालव्याच्या तोंडाशी उभी राहते आणि ज्याचं त्यानं येऊन न्यावं म्हणून भोंगा वाजवते. त्या दिवशी गावातले पुरुष जाळ्यांवर होते. उलितानं डोक्यावरचा रुमाल घट्ट केला, नवऱ्याच्या होडीत बसली, मोटरीची दोरी ओढली आणि पीठ घेऊन आली. पुढच्या फेरीला शेजारणीचे गॅसचे सिलिंडर आणले. मग माणसं. काही जण पैसे देत, काही अंडी देत, काही नुसतं देव बरं करो म्हणत. चार वर्षांत ती झातोन्काची बोटीवाली झाली. गावाच्या हिशेबात मात्र होडी आर्तेमची होती, तिच्या मुलाची. तो इटलीहून परत येईपर्यंत उलिता ती सांभाळत होती. हे तिला कोणी कधी बोलून दाखवलं नाही, कारण तिला ते माहीत असणारच असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तिला माहीत नव्हतं.

ही होडी लाव्रेन्तीनं बांधवून घेतली तेव्हा दोन्ही टोकांना निमुळती होती, आजोबांच्या काळापासून असते तशी. मोटरींचे दिवस आले तेव्हा सगळ्यांबरोबर त्यानंही मागचं टोक करवतीनं उडवलं आणि तिथं जाड सपाट फळी ठोकली. मोटर टांगायची ती ही फळी. इकडे तिला आरसा म्हणतात. तिच्यात तोंड कोणाचंच दिसत नाही.

उन्हाळा संपता संपता जुनी मोटर गेली. येफीमनं ती उघडून पाहिली आणि परत मिटली, म्हणाला, हिच्यात आता बघण्यासारखं काही उरलेलं नाही. उलितानं तुरिनला फोन लावला. आर्तेम तिथं चौदा वर्षं लोकांच्या न्हाणीघरांत फरशा बसवत होता. त्यानं आधी सगळं ऐकून घेतलं आणि मग नेहमीचं काढलं: आई, पुरे झालं, आता माझ्याकडे ये, नातीला सांभाळ, चार दिवस कोरड्या जमिनीवर राहा. उलिता म्हणाली, मोटर घेऊन दे, मग बघू. बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं, की तो मोटर पाठवेल. डिसेंबरातल्या हिवाळी निकोलाच्या सणापर्यंत ती सुखरूप चालवू शकली तर राहावं. आणि एकदा जरी कुठं अडकली, तर तो सणाला येईल तेव्हा कुरकूर न करता सामान बांधून त्याच्याबरोबर निघायचं.

"आरसा केवढा आहे?" त्यानं विचारलं.

ती फोन तसाच उघडा ठेवून अंगणातून खाली धक्क्यावर गेली, वाकली आणि आरशाच्या वरच्या कडेपासून होडीच्या पोटापर्यंत पंजा दोनदा टाकला. बरोबर आला. ना बोटभर कमी, ना बोटभर जास्त. तिला उगाचच बरं वाटलं.

"दोन वीत," ती येऊन म्हणाली. "अगदी दोन."

दिवसभर कमरेला टेप लावून फिरणाऱ्या आर्तेमनं यावर सेंटीमीटर किती, असं विचारलं नाही. विचारणं त्याला शोभलंही नसतं. घरची होडी होती.

मोटर खोक्यातून आली तेव्हा अर्धं गाव धक्क्यावर होतं. पांढरीशुभ्र, चकचकीत, इतकी स्वच्छ की मेलान्या शेजारीण म्हणाली, हिला पाण्यात घालण्यापेक्षा देवाच्या कोपऱ्यात ठेव. येफीमनं ती आरशावर अडकवली, मळसूत्रं आवळली, साखळीनं कडीला बांधली आणि गुडघ्यावर बसून खाली पाहत राहिला. बराच वेळ पाहिल्यावर त्यानं दाढी खाजवली. येफीमनं दाढी खाजवली की त्याचं काम वाढलेलं असतं.

"वहिनी, ही तर बगळ्याची तंगडी झाली."

मोटरीला पाय असतो, त्याच्या टोकाला पंखा. कारखान्यातून हे पाय आखूड आणि लांब असे दोन मापांचे येतात. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती होडीच्या पोटाच्या पातळीला यावी, फार तर बोटभर खाली. मग पंखा धड हवा गिळत नाही आणि धड चिखलही ढवळत नाही. इथं ती पट्टी पोटाच्या चांगली अर्धी वीत खाली लोंबत होती. आरसा आखूड पायाचा आणि मोटर लांब पायाची.

उलिता म्हणाली, मी तर माप बरोबर सांगितलं होतं. येफीमनं तिला आरशावर पंजा टाकायला लावला. दोन वीत. मग मोटरीच्या पायावर टाकायला लावला. दोन वीत, वर आणखी एक भलामोठा तुकडा. तो उठला, गुडघे झटकले आणि अगदी सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलला.

"आर्तेमचा हात कोणावर गेलाय?"

तिला उत्तर द्यावं लागलं नाही. लाव्रेन्तीचा पंजा ताणला की पाव झाकला जायचा, आणि पोराचा तसाच, हे दाई म्हणाली होती तेव्हापासून गावाला माहीत होतं. तुरिनच्या दुकानात मोटरीसमोर उभा राहून त्यानं टेप कमरेलाच राहू दिला असणार आणि बापाचा हात दोनदा टाकला असणार. त्यालाही बरोबर आला असणार. त्यालाही उगाचच बरं वाटलं असणार. गावच्या रीतीला तो चौदा वर्षांत विसरला नव्हता, यात आईनं आनंद मानायला हवा होता. पण ज्याची होडी त्याचा हात, या रीतीत फोनच्या पलीकडचा हात त्याच्या मनात आलाच नव्हता.

"भावजी, हे फोनवर कुणाला सांगू नका," ती म्हणाली.

"मला फोन लावता येत नाही," येफीम म्हणाला.

ती स्वतःही सांगू शकत नव्हती. सांगावं तर तो म्हणणार, बघ, साधी मोटर आणायची तर एवढा घोळ, चल इकडे. शिवाय आपण कुठं चुकलो हे त्याला कळलं असतं. ते कळावं असं तिला वाटत होतं आणि आपल्या तोंडून कळू नये असंही वाटत होतं. माणूस अशा वेळी गप्प बसतो आणि त्याला समजूतदारपणा म्हणतो. तिनं येफीमला विचारलं, आरसाच उंच करता येणार नाही का? येफीम म्हणाला, येईल की, पण वर नुसती पट्टी ठोकून भागायचं नाही, खालचं लाकूड भिजून पोकळ झालंय. आख्खा नवा आरसा घालावा लागेल. मग घाला, ती म्हणाली. तो म्हणाला, घालू, आर्तेम आला की घालू. उलिताला वाटलं, याला थंडीत काम नको आहे.

त्या शरद ऋतूत पाणी इतकं उतरलं की बगळे कालव्याच्या मधोमध उभे राहायला लागले. उलिता खोल पाण्यात मोटर पूर्ण खाली सोडायची आणि उथळ आलं की हात घालून अर्धी वर उचलायची. अर्धी उचललेली मोटर पाणी पुढे ढकलत नाही, आभाळात फेकते. होडीचं नाक वर, बूड खाली, मागं कारंजं, आणि वेग वल्ह्याच्या होडीइतका. सुकाणूचा दांडा दोन्ही हातांनी धरावा लागे, इतकी ती लांब तंगडी पाण्याशी झगडायची. संध्याकाळी उलिताला खांदा वर नेता यायचा नाही. क्रूस करताना बोटं कपाळाशी पोचण्याऐवजी तिलाच मान खाली घालावी लागे. काठावरून लोक विचारत, उलिताकाकू, कालवा नांगरून यंदा काय पेरलंय? ती सांगायची, कांदे. हसायचीही. पण रोज सकाळी भोंगा वाजला की ती लगेच उठेनाशी झाली, आणि हे चार वर्षांत पहिल्यांदाच होत होतं.

मेलान्याला दातांच्या डॉक्टरकडे तुल्चाला जायचं होतं. डॉक्टरसाठी सायीची बरणी मांडीवर घेऊन ती होडीत मध्ये बसली आणि बसल्यापासून बोलत होती. दात दुखत असताना इतकं बोलणारी बाई दुसरी नव्हती. गेल्या वर्षीच्या वादळात पडलेलं एक वाळुंजाचं झाड कालव्याच्या वळणावर पाण्याखाली आहे, हे उलिताला झोपेतही माहीत होतं. त्याच्या अलीकडे मोटर उचलायची, पलीकडे सोडायची. नेमकं तिथं मेलान्यानं विचारलं, "खरं सांग, आर्तेम तुला न्यायला येतोय ना?"

उलितानं तिच्याकडे पाहिलं. तेवढंच.

तंगडी खोडाला लागली. मोटर उसळली, उलिता दांड्यासकट बाजूला फेकली गेली, आणि आरसा वरपासून खालपर्यंत असा आवाज करत चिरला की मेलान्याचं बोलणं थांबलं. फटीतून पाणी सरळ आत आलं. होडी बुडाली म्हणणं जास्तीचं होईल, तिथं बुडण्याइतकं पाणीच नव्हतं. ती तळाला टेकली. दोघी कमरेइतक्या पाण्यात आणि गुडघाभर चिखलात उभ्या राहिल्या. थंडीनं मेलान्याची हनुवटी वाजत होती. सायीची बरणी तिनं डोक्यावर धरली होती. बोरू कापणाऱ्या माणसांनी हाका ऐकल्या आणि त्यांना ओढून काढलं, तोवर उलिताचे ओठ निळे पडले होते. पण तिच्या डोक्यात सारखा एकच विचार होता, की साखळी तुटली नाही, मोटर गेली नाही.

मेलान्या म्हणाली, घाबरू नकोस, मी कोणाला काही सांगणार नाही. अंधार पडायच्या आत तुरिनहून फोन आला.

"लागलं का?"

"नाही."

"मोटर चांगली आहे ना?"

"मोटर चांगली आहे. झाड होतं."

मागं कुठंतरी पोर रडत होतं, आणि सून त्याला इटालियनमध्ये गप्प करत होती.

"आई, आपलं ठरलं होतं."

"हो," उलिता म्हणाली. "ठरलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती येफीमकडे गेली. होडी त्याच्या अंगणातल्या कामाच्या छपरात पालथी पडली होती. ओकची जाड फळी त्यानं कधीच काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. उलिता म्हणाली, भावजी, आजच घाला. मोटरीचा पाय आखूड होत नाही, तर आरसा उंच करा. तिनं बाही सरकवून पंजा फळीवर ताणला. येफीमनं पेन्सिल काढली नाही.

"आर्तेम येतोय निकोलाला," तो म्हणाला. "त्याचा हात लावू. त्याच्या हाताची दोन वीत म्हणजे मोटरीला बरोबरच बसेल."

"माझी अडीच वीत लावा, आणि वर दोन बोटं. तेही तेवढंच होतं."

"तेवढंच होतं," तो कबूल झाला. "पण वहिनी, प्रश्न किती होतं हा नाही. तुम्ही होडी चालवता ती गोष्ट वेगळी. कोणी नावं ठेवलेली नाहीत. होडी लाव्रेन्तीची, नंतर आर्तेमची. यात तुमचा हात मध्ये कुठं घालू?"

हे तो वाईट बोलला नाही. दुखावण्याची इच्छा असती तर उलिताला उलट काही म्हणता आलं असतं. ती फळीवरचा पंजा काढून घरी आली, चहा ठेवला, आणि चहा उकळून काळा होईपर्यंत बसून राहिली. चार वर्षं गाव तिच्या होडीतून गेलं-आलं होतं. बाळंतीण आणली होती, शवपेटी आणली होती, एकदा बिशपला आणलं होतं. आणि त्या सगळ्या वेळात ती बसली होती ती मुलाच्या जागेवर, उसनी. ती जागा त्याला कधीच नको होती, ही गोष्ट गावाला अडचणीची वाटत नव्हती. तिनं आपला हात उलटापालटा करून पाहिला. त्यात मोजण्यासारखं काही कमी दिसत नव्हतं.

मग ती परत गेली.

"भावजी, होडीचा मालक मेलाय ना?"

"मेलाय, देव त्याला स्वर्ग देवो."

"मेलेल्याला टेप लागतो ना?"

येफीमनं दाढीकडे हात नेला आणि तो तिथंच राहिला.

"मग टेप काढा," उलिता म्हणाली. "टेपाला मालक लागत नाही."

येफीमनं पळवाटा शोधल्या. म्हणाला, टेप माणसाला लावतात, लाकडाला नाही. उलिता म्हणाली, पेटीच्या फळ्यांना काय लावता? म्हणाला, होडीत जिवंत माणसं बसतात. उलिता म्हणाली, मी बसणार आहे, माझी काही हरकत नाही. म्हणाला, आर्तेम काय म्हणेल? यावर तिनं फळी त्याच्याकडे सरकवली, आणि हा एकच मुद्दा होता जो त्यानं पुन्हा काढला नाही. शेवटी त्यानं छपराचं दार आतून लावलं, दोन बोटांनी क्रूस केला आणि हत्यारांच्या पेटीतून टेप काढला. एक टोक मागच्यासारखंच तिच्या हातात दिलं.

काम त्यानं असं केलं की एरवी गावानं कौतुक केलं असतं. मधल्या रेषेवर, वरच्या कडेपासून पोटाच्या फळ्या जिथं मिळतात तिथपर्यंत मोजलं. खालचा कणा धरला नाही. मोटरीचा पाय दोनदा मोजला. आरसा बसल्यावर मोटर अडकवली तेव्हा ती आडवी पट्टी होडीच्या पोटाला अशी मिळाली की मध्ये नख गेलं असतं, दुसरं काही नाही. येफीमच्या आयुष्यात इतक्या नेमक्या मापाची वस्तू आजवर फक्त जमिनीत गेली होती. तो काम संपल्यावर बसला नाही, चहा घेतला नाही, पैसे सणानंतर द्या म्हणाला.

होडी उडायला लागली. उथळावर ती सुरकुतीसारखी पाण्यावरून जायची, वळणावरच्या झाडाला ओलांडताना उलिताला दांडा एका हातानं धरता यायचा. मोटर आता इतकी उंच आली होती, की दोरी ओढायला तिला खोक्यावर उभं राहावं लागे. पण खांद्याचं दुखणं उतरलं, क्रूस पुन्हा कपाळापासून सुरू झाला.

फक्त होडीत बसायला कोणी येईना.

येफीमनं कुठं वाच्यता केली नव्हती. त्यानं ते फक्त पाद्रीबाबांपाशी कबुलीत सांगितलं. पण भर दिवसा छपराचं दार लावणारा सुतार गावानं पाहिला होता, आणि कबुलीच्या वेळी मागं रांगेत बायका उभ्या होत्या. पाद्रीबाबांना विचारलं तेव्हा त्यांनी जुनी पुस्तकं चाळली आणि सांगितलं की टेपाबद्दल कुठंही काही लिहिलेलं नाही, ही निव्वळ गावठी समजूत आहे. दुसऱ्या दिवशी बोट गाठायला ते स्वतः येफीमच्या वल्ह्याच्या होडीतून गेले. उलिताच्या तोंडावर कोणी काही बोललं नाही. भोंगा वाजायचा, ती धक्क्यावर जायची, आणि नेमकं त्याच दिवशी ज्याला त्याला वल्ही मारायचा व्यायाम हवा असायचा. पिठाच्या पोत्यांना आणि गॅसच्या सिलिंडरना काही वाटत नव्हतं. ती ती आणत राहिली. येताना तिची मोटर वल्ही मारणाऱ्यांना मागं टाकून जायची तेव्हा ती वेग कमी करायची, लाट लागू नये म्हणून. ते मान हलवून आभार मानायचे. हे असं फार दिवस सहन होण्यासारखं नाही, हे तिलाही कळत होतं.

आर्तेम निकोलाच्या आदल्या दिवशी आला, इतर गाववाल्यांबरोबर तुल्चाहून भाड्याच्या स्पीडबोटीनं. दाढी केलेली, जी या गावात पुरुष करत नाहीत; आईनं पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. जेवण व्हायच्या आधीच तो धक्क्यावर गेला. ओणवा होऊन त्यानं मोटर पाहिली, पट्टी पाहिली, नव्या आरशाच्या कडेवरून अंगठा फिरवला. फरशी बसवणाऱ्याची नजर होती. एवढा सरळ सांधा पाहून त्याचा चेहरा खुलला.

"कुणी केलं हे?"

"येफीमभावजींनी."

"माप कुणाचं?"

उलितानं सांगितलं. दोन वितींपासून सांगितलं, त्याच्या पंजापर्यंत आणि तिच्या पंजापर्यंत. झाड आणि मेलान्या आणि छपराचं दार. शेवटी टेप. आर्तेमनं आरशावरचा हात काढून घेतला. सावकाश काढला, तिच्या लक्षात येऊ नये म्हणून. चौदा वर्षं ज्याच्या कमरेला टेप होता त्या माणसानं तो हात पँटीला पुसला.

"महिनाभर थांबली असतीस," तो म्हणाला. "मी येतच होतो. माझा हात लावला असता."

"तुझा हात लावला असता तर ती तुझी झाली असती."

"माझीच आहे ना मग? बाबांची म्हणजे माझीच. मी काय तुझ्याकडून काढून घेणार होतो?"

"नव्हतास. मला बसू दिलं असतंस. त्याचंच दुखतंय, आर्तेम."

त्याला ते लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा तो चिडला, आणि चिडल्यावर त्याला कराराची आठवण झाली. अडकलीस की नाही? अडकले. मग ठरल्याप्रमाणे सामान बांधलंस का? उलिता म्हणाली, बांधलंय. घरात पलंगाशी खरंच एक पिशवी भरून ठेवलेली होती. त्यानं उघडून पाहिली: मिठातले मासे, लसूण, मनुकांचा मुरंबा, नातीसाठी लोकरीचे मोजे. तिचा एकही कपडा नव्हता.

"शब्द दिला होतास," तो म्हणाला.

"दिला होता. मोडतेय."

सणाचं जेवण झालं. पाहुणे आले, वाइन झाली, गाणी झाली. उलिताच्या घरात यायला कोणाचा नकार नव्हता. नकार फक्त होडीला होता. मेलान्या आर्तेमच्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, बाबा, तुझ्या आईला समजाव, एकटी पडलीय. एकटी कोणामुळे पडलीय हा विषय निघाला नाही. आर्तेम दोन दिवस धुमसत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं लाकडं फोडून भिंतीशी रचली, चिमणी साफ केली, अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघराच्या दाराचं बिजागर बदललं. लाकडं सबंध हिवाळा पुरतील एवढी होती. ती कोणासाठी, हे त्यानं सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही.

कामावर हजर व्हायचं म्हणून तो इतरांच्या आधी निघाला. स्पीडबोट नव्हती, बोट नेहमीची, आणि ती नेहमीप्रमाणे नदीवरच थांबणार होती. सकाळी तो पिशवी घेऊन धक्क्यावर आला तेव्हा उलिता खोक्यावर उभी राहून मोटर तापवत होती. त्यानं पिशवी होडीत ठेवली. मग तो काठावर उभा राहिला. एक पाय पुढं केला, बुटाची नाडी सोडली, परत बांधली. काठांवर कोवळा बर्फ धरला होता, त्याकडे त्यानं बराच वेळ लक्ष दिलं.

"मी येफीमकाकांच्या होडीत बसतो," तो म्हणाला. "तुझी जड होईल."

तीनशे किलो पीठ वाहणारी होडी. उलितानं त्याच्याकडे पाहिलं. तो लहानपणी खोटं बोलायचा तेव्हा कान लाल व्हायचे, तसे झाले होते. थंडीही होती म्हणा.

"वल्ही मारत गेलास तर बोट चुकेल," ती म्हणाली. "थांब, दोर बांधते."

तिनं येफीमच्या होडीचा दोर आपल्या मागच्या कडीला बांधला. आणि अशी ती दोघं निघाली: पुढं मोटरीची होडी, तिच्यात आई आणि पिशवी, मागं दोराच्या टोकाला वल्ह्याची होडी, तिच्यात चौतीस वर्षांचा मुलगा, गुडघे जवळ घेतलेला, मोटरीचा धूर तोंडावर घेत. उथळावर मोटर कुठं लागली नाही. वळणावर तो मागून ओरडून काहीतरी बोलला. मोटर मंद केली असती तर ऐकू आलं असतं. तिनं केली नाही.

बोटीपाशी त्यानं दोर ओढून आपली होडी शिडीला लावली आणि हात लांब करून तिच्या होडीतली पिशवी उचलली, पाय न टेकता. काम कठीण होतं, पण त्यानं ते नीट केलं. शिडीवर चढता चढता तो थांबला.

"नदी गोठली की होडी वर कोण ओढेल?"

"येफीमभावजी येतील."

"ते हात लावतील?"

"हातमोजे घालतील."

तो हसला. पहिल्यांदाच, आल्यापासून. मग हसू गेलं आणि तो म्हणाला, "आई, मी पण... मला बसता आलं नाही गं." उलिता म्हणाली, जा, खलाशी शिडी ओढतोय. तिला आणखी काही म्हणायचं होतं, पण ते काय हे ठरेपर्यंत बोट पाण्याला वळवत मागं सरकली.

बोटीतून दुसऱ्या बाजूनं दोघी जणी उतरल्या होत्या आणि तरंगत्या धक्क्यावर बोचकी घेऊन उभ्या होत्या. एक मेलान्याची जाऊ, दुसरी स्वतः मेलान्या, गालाला फडकं बांधलेली. दात एकदाचा काढला होता. गावातून कोणी न्यायला आलेलं नव्हतं. त्यांनी उलिताच्या होडीकडे पाहिलं, गार वाऱ्याकडे पाठ केली, आणि मग तिच्यामागच्या रिकाम्या वल्ह्याच्या होडीकडे पाहिलं. बोचकी त्यांनी उलिताच्या होडीत ठेवली आणि आपण मागच्या होडीत जाऊन बसल्या, रुमाल तोंडावर ओढून, जणू काही झातोन्कात लोक नेहमी असेच प्रवास करतात.

"हळू घे गं," मेलान्या फडक्यातून म्हणाली. "मला दुखतंय."

उलिता खोक्यावर चढली आणि दोरी ओढली. मोटर पहिल्याच खेपेला सुरू झाली. तिनं दोर ताणला जाईपर्यंत वाट पाहिली आणि मग हळूच वेग दिला.